वीस पावलांवरचं धनुष्य

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच आकृती उभी राहते. दोन्ही टोकं अगदी सारखी, मधोमध मूठ, ताठ ओढलेली दोरी. कॅलेंडरवरचा राम असो, नाटकातला अर्जुन असो किंवा मतदान यंत्रावरचं चिन्ह असो, चित्रकार धनुष्य कधी वाकडं काढत नाही. पण ज्यांनी खरोखर धनुष्यावर पोट भरलं, त्यांच्या हातातलं धनुष्य इतकं देखणं क्वचितच असे. झाडाची फांदी नाहीतर बांबूची चीप, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, मध्येच गाठ. चार-सहा महिने वापरलं की लाकूड थकतं, वाकलेलं ते वाकलेलंच राहतं, दोरी उतरवली तरी सरळ होत नाही. घरच्या घरी, कोयत्यानं तासून केलेलं हे हत्यार. त्याला आपल्या इतिहासाच्या पुस्तकात फार तर एक ओळ मिळते आणि त्या ओळीत ‘मागासलेले’ हा शब्द बहुधा असतोच. मला आज या वाकड्या धनुष्याची बाजू मांडायची आहे.

आधी थोडं गणित करू. साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला चाळीस मीटरच्या आसपास वेगानं जातो असं धरा. हरिण तीस मीटरवर उभं असेल तर बाणाला तिथं पोचायला पाऊण सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटर वेगानं धावतो, म्हणजे तो एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच हरणाच्या कानावर पडतो. पुढच्या अर्ध्या सेकंदात हरिण जागेवर राहील अशी आशा कुणी करू नये. शिवाय पाऊण सेकंदात बाण जवळजवळ नऊ फूट खाली येतो. तेवढा वर नेम धरायचा तर अंतर तंतोतंत ठाऊक हवं. आता हेच अंतर दहा मीटर करा. वेळ पाव सेकंदावर येतो, बाण जेमतेम फूटभर खाली येतो. धनुष्य तेच, बाण तोच. मधली वीस मीटर जमीन तेवढी शिकाऱ्यानं पायांनी कापलेली असते.

धनुष्य जितकं कमजोर, तितकं जवळ जायला हवं. जवळ जायचं तर वारा कुठून येतो हे कळलं पाहिजे, वाळक्या पानावर पाय न देता चालता आलं पाहिजे, जनावर मान खाली घालून किती वेळ चरतं आणि कधी एकदम वर बघतं हे पाठ पाहिजे. बाण लागला म्हणजे काम झालं असंही नाही. बाणानं जनावर जागच्या जागी पडत नाही, ते पळतं. मग माग काढत जायचं. मोडलेली काडी, पानावरचा थेंब, दगडावर उमटलेला ओला खूर. यातली कुठलीच गोष्ट धनुष्याच्या लाकडात नसते आणि कुठल्याही वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवता येत नाही.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध धनुष्यांपैकी एक तर पुरतं झालेलंच नाही. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्समध्ये तीन हजार दोनशे मीटर उंचीवर, बर्फात एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. लोकांनी त्याचं नाव ‘ओट्झी’ ठेवलं. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य होतं, १ मीटर ८२ सेंटिमीटर लांब. म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा वीतभर मोठं. त्यावर तासल्याच्या खुणा तशाच आहेत. भात्यात चौदा बाण, त्यातले तयार फक्त दोन आणि तेही मोडलेले. डोंगर चढताना हा माणूस वाटेत बसून धनुष्य तासत होता, असंच म्हणायचं. दहा वर्षांनी, २००१ साली, क्ष-किरणांत दिसलं की त्याच्या डाव्या खांद्यात दगडी बाणाचं टोक रुतलेलं आहे. दुसऱ्या कुणाचं तरी धनुष्य तयार होतं.

आपल्याकडे लाकूड एवढं टिकत नाही. घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. घरं मिळाली, जळालेले धान्याचे दाणे मिळाले, हरणांची हाडं मिळाली, गारेच्या दगडाची बारीक बारीक पाती मिळाली. वस्तीच्या शेवटच्या काळात पाऊस कमी झाला आणि शेतीवर भागेना, तेव्हा लोक पुन्हा शिकारीकडे वळले, असा निष्कर्ष डॉ. म. के. धवलीकरांनी काढला. पण त्या हरणांना मारणारं धनुष्य असेल तर ते केव्हाच मातीला मिळालं.

मी सणसरचा. इंदापूर तालुक्यातलं, बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव. तुकोबांच्या पालखीचा इथं मुक्काम असतो. शेजारी भवानीनगरचा साखर कारखाना, चारी बाजूंना ऊस. आमच्या लहानपणी प्रत्येक पोराकडे तिरकमठा असायचा. जुन्या टोपलीची नाहीतर पडवीच्या ताटीची कामटी, तिला सुतळी, आणि बाण म्हणून तुरीची काडी किंवा ज्वारीचं धाट. टोकाला बाभळीचा काटा. या धनुष्यांनी आम्ही काय मारलं? काही नाही. होले उडून जायचे, सरडे बघत बसायचे. शेतावर राखणीला असलेला एक म्हातारा आमची गंमत बघायचा. तो एकदा म्हणाला, “आरं पोरांनो, लांबून कशाला मारताय? वीस पावलांवर जावा की आधी. तितवर गेलासा तर काठीनंबी मराल.” आम्ही त्याला हसलो होतो. वरचं गणित मी पुढं कॉलेजात शिकलो, पण उत्तर त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

आता एक प्रश्न सहज पडतो. आमच्या भागात शिकारीवर जगणारे लोक म्हणजे फासेपारधी. त्यांचं नावच फाशावरून पडलं. हरणं, तितर, लाव्हे सगळं फाशात. धनुष्य का नाही? सातपुड्यातला भिल्ल मात्र धनुष्याशिवाय घराबाहेर पडत नसे. मला वाटतं याचं उत्तर जमिनीत आहे. इंदापूर-बारामतीचा जुना मुलूख म्हणजे उघडं माळरान. कुसळी गवत, मधूनच हिवराचं नाहीतर बोरीचं झुडूप. हरणाला दोन शेतांपलीकडचा माणूस दिसतो. तिथं वीस पावलांवर जाणार कसं? आडोसाच नाही. मग जनावराच्या वाटेवर फास लावून ठेवायचे आणि त्याला हळूहळू तिकडं वळवायचं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात पारध्यांच्या एका शाखेचं नाव ‘गायके’ असं दिलं आहे. हे लोक बैलाच्या आडून शिकारीजवळ सरकत. झाड नाही तर चालतं-फिरतं झाडच सोबत न्यायचं! या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी. आणि आणखी एक साधी गोष्ट, आमच्या माळावर रानबांबू नाही.

सातपुड्यात तो मुबलक. भिल्लाचं धनुष्य बांबूचं आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. यात मोठी अक्कल आहे. बांबूच्या सालीजवळचे धागे सगळ्यात दाट आणि चिवट असतात, म्हणून धनुष्याची साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, कारण ताण तिथं पडतो. आतल्या जनावराच्या तातीची दोरी पावसात भिजली की सैल पडते, बांबूची पट्टी तशी पडत नाही. पाखरासाठी बोथट टोकाचा बाण, मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा. मोडलं तर रडत बसायचं नाही, पुढच्या बेटातून दुसरा बांबू तोडायचा. जिथं बांबू नाही तिथं धामण. या झाडाला संस्कृतात ‘धनुर्वृक्ष’ असंच नाव आहे. उलट ‘तीर’ आणि ‘कमान’ हे आपले रोजचे शब्द फारसीतून आलेले. कमान पुढं दरवाज्यावर जाऊन बसली.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा या धनुष्यांनी त्यांना चांगलंच सतावलं. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं भिल्लांचीच एक पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. त्यांच्या हातात बंदुका दिल्या. माग काढणारे पाय, रान ओळखणारे डोळे मात्र त्यांचेच घेतले. धनुष्य टाकाऊ आणि धनुर्धारी कामाचा, असा हा हिशोब होता.

मग आलं १८७८. हे साल वर्तमानपत्रवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट त्याच वर्षीचा. पण त्याच वर्षी आणखी दोन कायदे झाले. एक हत्यारांचा. त्यात ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, संगीन, तलवार, भाल्याबरोबर धनुष्यबाण हे शब्दही घातले होते. दुसरा जंगलाचा. त्यानं राखीव जंगलं आखली. एका कायद्यानं हातातली वस्तू हत्यार ठरली, दुसऱ्यानं पायाखालची जमीन सरकारी झाली. साहेबाची शिकार चालूच राहिली. तिला ‘खेळ’ म्हणत. हत्तीवर बसून, हाकारे लावून, दोनशे पावलांवरून रायफल झाडायची, मग फोटो. तो हाका उठवायला पुन्हा भिल्ल आणि गोंडच.

पारध्यांच्या वाट्याला याहून वाईट आलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढं मुंबई इलाख्यातही राबवला गेला आणि जन्माला आलेलं पोर जन्मतःच संशयित ठरलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. जो माणूस वाऱ्याची दिशा बघून दिवसभर चालायचा, त्याला हजेरी लावायला उभं केलं. हा कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला. संशय अजून गेला नाही, हे आमच्या तालुक्यातला कुणीही माणूस, खरं बोलायचं ठरवलं तर, कबूल करेल.

तोवर माळही आटत गेला. १८८० च्या दशकात भाटघरच्या धरणाबरोबर नीरेचा डावा कालवा आला, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. मला त्या पाण्यावर टीका करायची नाही, मीही त्याच पाण्यावर वाढलो. पण हरणांची संख्या धनुष्यानं किंवा फाशानं जितकी घटली, त्याहून कितीतरी जास्त नांगरानं आणि बंदुकीनं घटली, हे नोंदवायला हवं. आज सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेलं आहे. ते १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र अवघं पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. आमच्याच तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानातही चिंकारे दिसतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना जमिनीचे, मधाचे, बांबूचे हक्क परत दिले. शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. ते योग्यच झालं, कारण उरलेल्या जनावरांना आता एक बाणही परवडणारा नाही. पण बांबू तोडायचा हक्क मिळाला आणि त्याचं धनुष्य करून रानात जायचा गेला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. माग काढण्याची जी विद्या होती, तिला कायद्यात कलम नाही. क्वचित वनखात्यात एखादा वनमजूर बिबट्याचा ठसा बघून तो कधी गेला ते सांगतो, तेव्हा ती थोडीशी दिसते.

राहता राहिला खेळ. उदयपूर जिल्ह्यातल्या सरादीत गावचा लिंबाराम हा आदिवासी मुलगा घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यानं तितर मारायचा. १९८७ साली क्रीडा प्राधिकरणानं त्याला हेरला. दुसऱ्याच वर्षी तो सोलच्या ऑलिंपिकमध्ये उभा होता, नंतर बार्सिलोना आणि अटलांटा. २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. आमच्या नीरेपलीकडच्या, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियोला खेळला. तिथलं धनुष्य कार्बनचं, नेम धरायला साइट, डोलू नये म्हणून पुढं दांडे लावलेले. आणि अंतर ठरलेलं, सत्तर मीटर. त्या रेषेच्या पुढं एक पाऊल टाकायला मनाई असते.