पांढरी माती आणि कुटार

अकोला-अमरावतीकडच्या जुन्या गढ्या पांढऱ्या मातीच्या. नुसती माती वाळली की तडकते. म्हणून तिच्यात गव्हाचं कुटार कालवायचं, तुडवायचं, चिखल मुरू द्यायचा. काडी ताण झेलते, माती काडीला कुजू देत नाही. वेरूळच्या गिलाव्यात तर चक्क भांगेचे तंतू! राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी ते २०१६ मध्ये मांडलं. अजिंठ्यात भांग नव्हती, तिथली चित्रं किड्यांनी पोखरली.

आज प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या, कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये सिरॅमिकचे नॅनोकण मिसळतात, तेही बळकटीसाठीच. इकडे गढ्यांची माती लोक खत म्हणून शेतात नेतात. त्यांचंही चुकत नाही. पण किती मातीला किती कुटार, हे सांगणारे म्हातारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना कुणीतरी विचारून ठेवा हो!