जहाजांच्या प्रतिकृती : ऐतिहासिक साधन म्हणून विचार

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती घडविल्या जाऊ लागल्या. नेव्ही बोर्ड या नौदल मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रतिकृतींचे प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे चार फुटांस एक इंच, असे. खालच्या भागावर फळ्या न बसविता फासळ्या उघड्या ठेवल्यामुळे सांगाडा दिसतो. तथापि ही मांडणी सांकेतिक असून गोदीतील प्रत्यक्ष बांधणीशी ती तंतोतंत जुळत नाही.

डोलकाठ्या व दोर यांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक ठरते. लाकूड शतकानुशतके टिकते. सूत मात्र उजेडाने व दमटपणाने जीर्ण होते. म्हणून अनेक प्रतिकृतींवरील दोर पुढील पिढ्यांनी आपापल्या समजुतीनुसार नव्याने बांधले. परिणामी एकाच वस्तूत दोन भिन्न काळांची साक्ष एकत्र येते.

यास्तव सांगाडा आणि दोरबांधणी यांचा काळ स्वतंत्रपणे निश्चित करून समकालीन लेखनाशी ताळा घेणे इष्ट होय. अँथनी डीन यांनी सॅम्युअल पेपिस यांच्यासाठी १६७० मध्ये सिद्ध केलेले, केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयातील पेपिस ग्रंथालयात जतन झालेले नौकाबांधणीविषयक हस्तलिखित त्या दृष्टीने मोलाचे आहे. अशा पडताळणीविना प्रतिकृती शोभेची वस्तू राहते. पडताळणीनंतरच ती पुरावा ठरते.