कोरडी भिंत, ओली भिंत

फळ्यावर लिहायच्या साध्या खडूचा तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. मग तो परीक्षानळीत घालून, नळीचे तोंड किंचित खाली कलते धरून, स्पिरिटच्या दिव्यावर तापवावा. थोड्याच वेळात नळीच्या तोंडापाशी पाण्याचे थेंब जमू लागतात. विद्यार्थी हमखास विचारतात, की इतक्या कोरड्या खडूत पाणी आले कोठून? (प्रयोगाला 'धूळविरहित' खडू घेऊ नये. ते बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि मग शिक्षकाची पंचाईत होते.)

साधा खडू जिप्समचा असतो. आयुर्वेदातली गोदंती ती हीच. यात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असतात. वजनाने पाहिले तर जिप्समचा सुमारे २१ टक्के भाग पाणीच असते. हाच पदार्थ आज आपल्याकडे कार्यालयांच्या फॉल्स सीलिंगमध्ये आणि केबिनच्या आडभिंतींत दिसतो. अमेरिकेत तर बहुतेक घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. तिथे त्यांना 'ड्रायवॉल', म्हणजे कोरडी भिंत, म्हणतात. ज्या भिंतीचा पाचवा हिस्सा पाणी, तिला कोरडी का म्हणावे?

उत्तर गवंड्याच्या थापीशी आहे. जिप्सम साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समचे मोठे साठे होते, म्हणून या भुकटीला 'प्लास्टर ऑफ पॅरिस' हे नाव पडले. भुकटीत पाणी कालवले की ती काही मिनिटांत घट्ट होते. असे का व्हावे, याचा उलगडा लव्हाझिए या तरुणाने केला. १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध जिप्समवरच होता. भाजताना गेलेले पाणीच प्लास्टर परत घेते, हे त्याने तराजूच्या आधाराने दाखवले. पुढे १८८७ साली ल शातेलिएने त्यात भर घातली. भुकटी आधी पाण्यात विरघळते, त्या द्रावणातून जिप्समचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. प्लास्टरला बळ येते ते या गुंत्यामुळे.

जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर गिलाव्याचे दोन-तीन हात दिले जात. प्रत्येक हात वाळायला वेळ लागे, आणि लिंपायला सरावलेला कारागीर लागे. घर उभे राहिले तरी ओल जाईपर्यंत रंगारी आणि सुतार खोळंबून राहत. ही ओल कारखान्यातच जिरवावी, ही ऑगस्टिन सॅकेट या अमेरिकन माणसाची कल्पना. कागदाच्या थरांमध्ये प्लास्टर भरून केलेल्या तक्त्याचे एकस्व त्याला १८९४ साली मिळाले. गंमत अशी, की तो तक्ता भिंत म्हणून विकला जात नव्हता. लाकडी पट्ट्यांऐवजी तो ठोकायचा आणि वरून पुन्हा गिलावाच करायचा! १९०९ साली युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेटचा उद्योग विकत घेतला, आणि पुढच्या दशकात गिलाव्याशिवाय वापरायचा 'शीटरॉक' हा तक्ता बाजारात आणला.

तरीही लोकांना गिलावाच खरा वाटे. चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धात, हाताला माणसे मिळेनाशी झाली तेव्हा. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, ती अशा तक्त्यांच्या भिंतींची. तक्ता सुरीने एका बाजूने चिरायचा, गुडघ्यावर टेकून मोडायचा, मागचा कागद कापायचा आणि चौकटीवर ठोकायचा. आठवड्यांचे काम दिवसांवर आले.

पण दोन तक्त्यांमधला सांधा राहिलाच. ड्रायवॉलच्या कामातले सगळे कौशल्य, आणि आमच्या मते सगळी अडचणही, या सांध्यात आहे. तक्त्याच्या लांब कडा थोड्या पातळ ठेवलेल्या असतात, त्यामुळे दोन तक्ते जोडल्यावर उथळ खाच तयार होते. तिच्यात आपले रंगारी भरतात तशी लांबी भरायची, तिच्यावर कागदाची पट्टी बसवायची, मग रुंद होत जाणाऱ्या पत्र्यांनी आणखी दोन हात द्यायचे. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचे. गिलाव्याची ओल गेली, तिच्या जागी ही धूळ आली.

लांबी आकसून तडकू नये आणि पत्र्याखाली नीट पसरावी, म्हणून त्या काळी तिच्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळत. काम त्याने फार छान होई. घासताना मात्र तेच तंतू हवेत उडत, डोळ्यांना दिसत नसत आणि फुप्फुसात खोल जाऊन बसत. त्यांच्यामुळे होणारा कर्करोग पुष्कळदा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर कारागीर निवृत्त झालेला असतो आणि त्याने कोणती भिंत घासली हे कोणाच्या लक्षातही नसते. १९७५ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात मोजमापे प्रसिद्ध केली. सांधे करणाऱ्यांच्या श्वासाच्या हवेतले तंतू सरकारी मर्यादेपेक्षा अधिक, काही वेळा कित्येक पट, भरले होते. घरगुती वापरासाठी दुकानात विकल्या जाणाऱ्या लांबीतही ॲस्बेस्टॉस सापडले. १९७७ साली अमेरिकेत अशा लांबीवर बंदी आली.

ॲस्बेस्टॉस गेले, धूळ राहिली. आजच्या लांबीत चुनखडी, अभ्रक, शंखजिरे असते. कधी कधी स्फटिक सिलिकाही. १९९९ साली अमेरिकेच्या 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेने नोंदवले, की घासताना एकूण धूळ कायद्याच्या मर्यादेच्या (दर घनमीटर हवेत १५ मिलिग्रॅम) दहापटीपर्यंत जाते. घासायच्या अवजारालाच धूळ ओढणारी नळी जोडली, तर ती ८० ते ९७ टक्क्यांनी घटते. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला तरच कामाचा. दाढी वाढलेली असली की तो बसत नाही. नळीला अशी अट नसते.

आमच्या संस्थेत काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचे छत झाले. दोन तरुण घोडीवर उभे राहून, मान वर करून, सांधे घासत होते. तोंडाला रुमाल, पापण्या पांढऱ्या. मास्कचा खोका कोपऱ्यात तसाच बंद होता. विचारले तर एक म्हणाला, "साहेब, तो लावला की जीव कोंडतो." आम्ही त्यांना ओल्या स्पंजाने पुसून पाहायला सांगितले. लांबी पाण्याने मऊ होते आणि सांधा धूळ न उडवता सपाट होतो. हातभर सांधा त्यांनी तसा करून दाखवला, आणि बराही झाला. पण वेळ दुप्पट लागला. ठेकेदार घड्याळ पाहून गेला आणि दुपारनंतर पॉलिश पेपरचा आवाज पुन्हा सुरू झाला.