भाडेपट्टा आणि परवाना

दुसऱ्याच्या मालकीच्या वास्तूत राहणाऱ्या माणसाचे त्या वास्तूशी नाते कोणते, हा प्रश्न कायद्याला नवा नाही. पेशवाईतील खेड्यात मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. दोघेही तीच माती नांगरीत आणि दोघेही सारा भरीत. पण मिरासदाराचा हक्क पिढ्यानपिढ्या चाले, तर उपऱ्याचे पाऊल कौलाच्या मुदतीपुरतेच टेकलेले असे. बांधावरून पाहणाऱ्याला हा भेद दिसत नसे, कारण तो कष्टात नव्हता, हक्कात होता. शहरातील घरांच्या बाबतीत असाच एक भेद पुढे ‘भाडेकरू’ आणि ‘परवानाधारक’ या दोन शब्दांत उतरला. त्या दोहोंमधील सीमारेषा आखण्यात भारतातील वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या कित्येक पिढ्यांची बुद्धी खर्ची पडली.

या भेदाला कायद्याचे रूप मिळाले ते १८८२ साली. त्या वर्षीचा चौथा अधिनियम मालमत्ता हस्तांतरणाचा आणि पाचवा सुविधाधिकारांचा. पहिल्याच्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे, तर दुसऱ्याच्या कलम ५२ मध्ये परवान्याची. एका पाठोपाठ एक जन्मलेली ही दोन भावंडे मुंबई इलाख्यात मात्र थोडी उशिरा आली: सुविधाधिकारांचा कायदा १८९१ मध्ये लागू झाला, हस्तांतरणाचा १८९३ मध्ये.

भाडेपट्ट्याने मालक आपल्या मिळकतीतील एक हितसंबंधच दुसऱ्याच्या हाती देतो. मुदत चालू असेपर्यंत ती जागा उपभोगण्याचा हक्क त्या दुसऱ्याचा असतो. मालकाने घर विकले तरी नव्या मालकाला तो भाडेपट्टा मान्य करावा लागतो. परवान्याने असे काहीच हस्तांतरित होत नाही. जे कृत्य एरवी आगळीक ठरले असते, ते करण्याची केवळ मुभा मिळते. ती मुभा सामान्यतः केव्हाही काढून घेता येते, दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही आणि घर विकले गेले तर खरेदीदारावर बंधनकारक राहत नाही. म्हणूनच घराच्या खरेदीखताचा मसुदा करू पाहणाऱ्या वकिलाचा पहिला प्रश्न मालक कोण हा असला, तर दुसरा असतो तो आत कोण राहते आणि कोणत्या नात्याने राहते, हा.

पहिली काही दशके हा भेद मुख्यतः ग्रंथांतच राहिला. भाडेकरू काय किंवा परवानाधारक काय, मुदत संपली की दोघांनाही निघावेच लागे. त्याला जीवनमरणाचे महत्त्व आले ते महायुद्धांमुळे. युद्धकाळात मुंबईत माणसे वाढली, बांधकाम थांबले आणि भाडी भडकली. १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, १९३९ साली दुसरा, १९४४ साली तिसरा. त्यानंतर आला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम, जो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. जी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेली होती, तिचे त्या दिवशीचे भाडे हेच तिचे प्रमाण भाडे ठरले. ते भाडे आणि कायद्याने अनुज्ञेय वाढ देण्यास भाडेकरू तयार आहे, तोवर कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला बाहेर काढता येईना. पागडी घेणे गुन्हा ठरले. पोटभाडेकरू ठेवण्यासही बंदी झाली.

गिरणगावातील खोलीत संसार मांडलेल्या माणसाला या कायद्याने जे दिले त्याचे मोल पैशात सांगता येणार नाही. उद्या डोक्यावर छप्पर असेल की नाही, ही चिंता त्याने दूर केली. पण हे संरक्षण होते भाडेकरूला, परवानाधारकाला नव्हे. तेव्हा मालकाच्या आणि जागा पुढे दुसऱ्याला देऊ पाहणाऱ्या मूळ भाडेकरूच्या वकिलापुढे वाट उघडी होती: जागा द्यावी, दरमहा रक्कम घ्यावी, पण कागदावर ‘भाडे’ हा शब्द येऊ देऊ नये. भाड्याचे झाले ‘मोबदला’, भाडेकरूचा झाला ‘परवानाधारक’. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, एक किल्ली त्याच्याजवळ असेल, अशी कलमे करारात आली. ‘लीव्ह अँड लायसन्स’ हे इंग्रजी जोडनाव मुंबईच्या मध्यमवर्गीय बोलीत रुळले ते या वाटेने.

कागदावरील नाव खरे मानावे की जागेवरील वस्तुस्थिती, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मात्र मुंबईहून नव्हे, दिल्लीहून. तेथील इंपीरियल हॉटेलात एका केशकर्तनकाराने दोन खोल्यांत आपला व्यवसाय मांडला होता. १९४९ च्या दस्तऐवजात त्याला परवानाधारक म्हटले होते आणि वर्षाला ९,६०० रुपये ठरले होते. पुढे त्याने प्रमाण भाडे ठरवून मागितले, तेव्हा तो भाडेकरूच नव्हे, असे उत्तर हॉटेलच्या मालक कंपनीने दिले. मे १९५९ मध्ये या वादाचा निकाल लागला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यात कसोट्या घालून दिल्या. दस्ताचे नाव नव्हे, सार पाहावे. पक्षकारांचा खरा हेतू शोधावा. मिळकतीत हितसंबंध निर्माण झाला असेल तर तो भाडेपट्टा, नुसती वापराची मुभा असेल तर परवाना. आणि अनन्य ताबा दिला असेल तर प्रथमदर्शनी तो भाडेकरूच समजावा. बहुमताने तो दस्त भाडेपट्टा ठरला. तरीही केशकर्तनकार हरला, कारण हॉटेलातील खोलीला तो कायदाच लागू नाही, असेही दुसऱ्या मुद्द्यावर बहुमताने ठरले! तो मनुष्य गेला रित्या हाताने. पण त्याच्या खटल्यातील कसोट्या पुढे देशभरच्या न्यायालयांत रोज उच्चारल्या जाऊ लागल्या.

तरीही मुंबईतील परवान्यांचा ओघ थांबला नाही. अखेर महाराष्ट्र शासनाने १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने जागेत असलेला परवानाधारक त्या दिवसापासून भाडेकरू मानला गेला. ज्या शब्दाच्या आड वकिलांनी आपल्या अशिलांना उभे केले होते, तो शब्दच एका रात्रीत दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाला. ज्यांनी केवळ शब्दाचा आडोसा घेतला होता, त्यांना हे योग्य शासन झाले असे म्हणता येईल. पण बदलीच्या गावी जाताना आपले एकुलते एक घर खरोखरच तात्पुरते देऊन गेलेला नोकरदारही याच तडाख्यात सापडला. खोट्या परवान्यांनी खऱ्या परवान्याची पतही घालविली होती. यापुढे घर द्यावे की कुलूप लावून ठेवावे, अशा विचारात मालक पडू लागले.

दुसऱ्या टोकाला १९४० च्या भाड्यात इमारतींची डागडुजी होईना. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रमाण भाडे गोठविणारी ही तरतूद आरंभी न्याय्य असली तरी काळाच्या ओघात तशी राहिलेली नाही. त्यानंतर नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे. त्याने परवान्याला उजळ माथ्याने जागा दिली. राहण्यासाठी परवान्याने दिलेले घर मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परत मिळविता येते. घर न सोडणाऱ्यावर दुप्पट दराने भरपाईची जबाबदारी येते. अशा कामात लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मात्र कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशात सर्वत्र अकरा महिन्यांचे करार करण्याची चाल पडली. पण महाराष्ट्रात नोंदणीतून सुटण्याची ही जुनी युक्ती आता कामास येत नाही.

हा इतिहास वरवर दोन शब्दांच्या भांडणाचा वाटतो. वस्तुतः तो कागद आणि व्यवहार यांच्यातील अंतराचा इतिहास आहे. कागदाने व्यवहार झाकला तेव्हा न्यायालयाने तो कागद बाजूला सारून आत पाहिले. तरीही झाकाझाक चालूच राहिली तेव्हा विधिमंडळाने कागदाचा अर्थच बदलून टाकला. आज कागदाला पुन्हा निर्णायक मान मिळाला आहे. पण म्हणूनच तो लिहिणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे. मसुद्यातील एका शब्दावर एका बाजूला कोणाच्या आयुष्याची मिळकत आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या मुलाबाळांचे छप्पर तोललेले असते. जो व्यवहार खरोखर झाला तोच लिहून ठेवणे, हे वकिलाचे सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत अवघड काम आहे.