‘रिटर्न टू ईडन’ : ‘खून भरी माँग’चं ऑस्ट्रेलियन मूळ

नवऱ्यानं मगरींच्या तोंडी दिलेली श्रीमंत बाई चेहरा बदलून परत येते आणि हिशेब चुकता करते, म्हटलं की आपल्याकडे रेखाचा ‘खून भरी माँग’ (१९८८) आठवतो. ही गोष्ट मूळची ऑस्ट्रेलियन टीव्हीवरची. ‘रिटर्न टू ईडन’ ही तीन भागांची थरारक मालिका तिथं १९८३ मध्ये नेटवर्क टेन वाहिनीवर दाखवली गेली. लेखन मायकल लॉरेन्स यांचं, दिग्दर्शन कॅरन आर्थर यांचं.

कथानक
स्टेफनी हार्पर (रेबेका गिलिंग) चाळिशीची, दोनदा घटस्फोट झालेली, दोन मुलांची आई. वारशानं अफाट श्रीमंत, पण स्वतःच्या दिसण्याबद्दल मनात न्यूनगंड. टेनिसपटू ग्रेग मार्सडेन पैशासाठी तिच्याशी लग्न करतो आणि तिची जिवलग मैत्रीण जिली हिच्या डोळ्यांदेखत तिला मगरींच्या पाण्यात ढकलतो. एकटा राहणारा म्हातारा डेव्ह वेल्स तिला वाचवतो. क्वीन्सलँडमधल्या बेटावर डॉ. डॅन मार्शल तिच्या चेहऱ्यावर प्लास्टिक सर्जरी करतात. मग ती टारा वेल्स या नावानं सिडनीत मॉडेल होते आणि ग्रेगलाच जाळ्यात ओढते.

ग्रेगचं काम करणारे जेम्स रेन हे ‘ऑस्ट्रेलियन क्रॉल’ या रॉक बँडचे गायक. जिलीच्या भूमिकेत वेंडी ह्यूज होत्या.

हिरावलेली ओळख
मालिकेचा खरा पेच सूडापेक्षा ओळखीचा आहे. नवं नाव हेच स्टेफनीचं हत्यार, पण त्याची किंमतही तीच मोजते. पोटच्या मुलांपासूनही तिला आपण कोण ते लपवावं लागतं.

हिंदीत काय बदललं?
दिग्दर्शक राकेश रोशन यांनी घटस्फोटितेची विधवा केली. स्टेफनीची टारा होते, तशी इथं आरतीची ज्योती. नवरा झाले कबीर बेदी, मैत्रीण सोनू वालिया. मूळ मालिकेत ग्रेग विमान कोसळून मरतो. हिंदीत खलनायकाचा शेवट मगरींच्याच तोंडी. रेखा आणि सोनू वालिया दोघींनाही फिल्मफेअर मिळालं.

पुढचा भाग
१९८६ मध्ये याच नावानं २२ भागांची मालिका आली. त्यात तुरुंगातून सुटलेली जिली परतते आणि ती स्टेफनीची सावत्र बहीण निघते. या वेळी जिली साकारली पेटा टोपानो यांनी.