कुत्रा पाहायचा तर त्याच्या घरी
कुत्रा चावरा का झाला, हे ठरवायला तज्ज्ञाने घरी येऊन तास-दोन तास बसावे, हे अनेकांना श्रीमंती चोचले वाटतात. पण यामागे जागा चुकल्याचा मोठा इतिहास आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कुंपणात कोंडलेले ते लांडगे वरचढपणासाठी भांडत. त्यावरून कळपाचा ‘म्होरक्या’ कल्पिला गेला, आणि पुढे तोच न्याय लावून घरच्या कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरा, असे मालकांना शिकवले गेले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970च्या ग्रंथाने ही कल्पना आणखी रुजवली. मात्र 1986पासून एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिल्यावर 1999 साली त्यांनीच लिहिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले.

कोणी म्हणेल, अनोळखी माणूस घरात शिरल्यावर कुत्रा तरी कुठे नेहमीसारखा वागतो? खरे आहे, पण ते वागणेही पुरावाच असते. बेल वाजताच कान मागे पडतात, शेपूट पोटाखाली जाते. जेवणाच्या भांड्याजवळ कोणी आले की अंग ताठरते. दवाखान्याच्या निसरड्या टेबलावर यातले काय दिसणार? तिथे ना दार त्याचे, ना भांडे. घरच्यांच्या जबानीवरही पूर्ण विसंबता येत नाही. ‘काही कारण नसताना चावला’ म्हणणाऱ्यांच्या घरात ते भांडे पुष्कळदा येण्याजाण्याच्या वाटेवरच ठेवलेले असते.