शाळेचे दिवस आणि मुलांचे दिवस

लहान मुलांच्या शाळेचे दिवस वाढवावेत की नाही, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. प्रश्न नवा नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास असे प्रमाण घालून दिले आहे. म्हणजे ज्या वयात अक्षराची ओळख व्हावयाची, त्या वयाच्या वाट्याला वीस दिवस कमीच. गोव्यात 2025 मध्ये शैक्षणिक वर्षाचा आरंभ एप्रिलात आणला गेला, तोही सहावीपासून वरच्या वर्गांसाठी. धाकट्यांचे वर्ष जूनलाच राहिले. थोरल्यांसाठी दिवस शोधावयाचे आणि धाकट्यांना सुट्टी द्यावयाची, ही वहिवाट कोठून आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडील पंतोजीच्या शाळेत ‘शैक्षणिक वर्ष’ अशी वस्तूच नव्हती. सुट्ट्या होत्या त्या तिथीच्या. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे धर्मशास्त्राने सांगितलेले अनध्याय. त्यांत सणवार मिळवावेत. पण मूल शाळेत बसे ते शुभ दिवस पाहून, आणि धुळपाटीवरून मोडीपर्यंत जाई ते आपापल्या चालीने. एकाची उजळणी पाठ झाली म्हणून दुसऱ्याला पुढे रेटण्याचे कारण नव्हते. मुंबई इलाख्यातील या शाळांची एल्फिन्स्टनच्या काळात पाहणी झाली होती. तिचे कागद रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केले, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. त्या शाळांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तेथे मुली नव्हत्या, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, आणि छडी भरपूर होती. एवढेच म्हणावयाचे की जेथे सर्वांचे मिळून एक वर्ष नाही, तेथे वर्ष अपुरे पडल्याची तक्रारही नाही.

इयत्ता, वार्षिक परीक्षा, तपासनीस आणि अनुदान ही चौकडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. अनुदान निकालावर व हजेरीवर ठरू लागले, तेव्हा दिवस मोजणे भाग पडले. सर्व गावांना एकच दिनक्रम लागू झाला. कोकणात भाताची लावणी आषाढात, देशावर पेरणी मृगात. शाळा उघडावयाची तीही मृगातच. मे महिन्यात शेत मोकळे असते तेव्हा शाळा बंद, आणि शेतात हातांची गरज पडते तेव्हा शाळेची घंटा. वैशाखातले ऊन मुलांना सोसत नाही हे खरे, आणि दिवाळीची सुट्टी काही भागांत कापणीला सोयीची पडते हेही खरे. तरी एकंदरीत पंचांग शाळेचे होते, शेतकऱ्याचे नव्हे.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली नव्हती असे मात्र नाही. 1882 साली नेमलेल्या हंटर आयोगाने स्पष्ट शिफारस केली होती की, खेड्यांत व मागासलेल्या भागांत शाळेची वेळ आणि वर्षातील हंगाम यांबाबत शक्य तितकी लवचिकता ठेवावी. याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी आपले निवेदन सादर करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आयोगाच्या इतर सूचनांवर पुष्कळ चर्चा झाली; लवचिकतेची ही ओळ अहवालातच राहिली. कारण उघड आहे. एकाच नमुन्याचा हजेरीपट तपासणे सोपे. गावोगावचे निराळे वर्ष तपासावयाचे तर तपासनिसाने गाव जाणावे लागते.

सक्तीचा पहिला ठळक प्रयोग बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागातील काही गावांत तो सुरू केला आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानाला लागू केला. बडोद्यातील वाचकांना हे सांगणे म्हणजे आजोळच्या गोष्टी मामांना सांगण्यासारखे आहे. पण 1911 मध्ये गोखल्यांनी विधेयक मांडले तेव्हा हे उदाहरण डोळ्यांपुढे होते, हे विसरता येत नाही. गोखल्यांच्या विधेयकात आजारपण, घरची अडचण आणि शेतीच्या हंगामाची गरज या कारणांसाठी गैरहजेरी माफ करण्याची तरतूद होती. 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी ते फेटाळले गेले. सक्तीचा एवढा मोठा पुरस्कर्ता हंगामाची सवलत देतो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. खेड्यातील घर कसे चालते, हे त्याला ठाऊक होते.

पुढे 1929 च्या हार्टोग समितीने जो आकडा दिला, तो शिक्षकांच्या पिढ्यांना पाठ झाला होता: 1922-23 मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी 1925-26 मध्ये चौथीत केवळ 18 होती. गळती होत होती ती मुख्यतः अगदी खाली, पहिलीतच. या समितीनेही शाळेच्या वेळा व सुट्ट्या स्थानिक हंगामाशी जुळवून घ्याव्यात असेच सांगितले. 1964-66 च्या कोठारी आयोगाने शाळांसाठी सुमारे 234 दिवसांची शिफारस केली व पहिली-दुसरी हा एक सलग घटक मानावा असे सुचविले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. यांतील दुसरी सूचना आम्हांस पहिलीपेक्षा मोलाची वाटते. लहान मुलाला दिवस वाढवून हवे असतात ते बहुधा वर्षाच्या शेवटी नव्हे. एका वर्षातून दुसऱ्यात जाताना त्याला घाई नको असते.

अहवालांतून हे सारे चालले असता, ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दोन स्त्रिया हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवीत होत्या. ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 चा. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 मध्ये त्या बोर्डीस आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी, सरपण, आणि शिवाय गावातील अंतर, म्हणजे जातीचे अंतर. तेव्हा बाईच वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा तो देशभर गेला. आज तो हिंदी-कन्नड भागांतही रुळला आहे आणि त्याचे मूळ मराठी आहे याची आठवण मराठी माणसालाही क्वचितच असते.

1956 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले सकाळी गुरे घेऊन रानात जात. शाळेचे दिवस 200 असोत की 300, त्यांना सारखेच. म्हणून शिक्षक साहित्य घेऊन कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि मुले पाने, खडे, बिया मोजत. तिला ‘कुरणशाळा’ हे नाव पडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ केली, त्यामुळे भावंडाला सांभाळणारी मुलगी भावंडासह शाळेत येऊ शकली. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात हा काळ सांगितला आहे. आमच्यातील ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

आता ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या मागेपुढे बीड आणि अहिल्यानगर भागांतील कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यामागून जाणाऱ्या मुलाचे वर्ष जूनपासून दिवाळीपर्यंतचे. गावच्या शाळेने एप्रिलात वीस दिवस वाढविले तर ते दिवस त्याच्या वाट्याला येतीलच असे नाही. त्या वेळी त्याची आई फडात मोळ्या बांधत असू शकते. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालविल्या. सीमेपलीकडे गेलेल्या मराठी मुलाला तळाजवळ शाळा सापडली, तरी ती कन्नड असण्याचा संभव मोठा.